नातवाने विचारलं, कोणती रायफल घेऊ?

मंडळी, दिवाळीच्या आधी अमेरिकेतून नातवाचा फोन आला. पोरगा पेनसिल्व्हेनियात असतो. वय पंचवीस, जन्म तिकडचाच. मराठी मोडकं, पण माया पक्की. म्हणाला, "आजोबा, यंदा मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला जातोय. ट्रेनिंग झालं, लायसन्स पण काढलं. एक छोटी, हलकी रायफल घ्यायची आहे. पणजोबांकडे बंदूक होती ना? मग तुम्हीच सांगा, कोणती घेऊ?"

दहा मिनिटांत सूनबाईचा फोन. "नाना, त्याला सरळ नाही म्हणा. तुमचं ऐकतो तो."

मी नाही म्हटलं नाही. उलट कोणती घ्यावी ते सांगितलं. तेव्हापासून सूनबाई माझ्याशी कामापुरतंच बोलते. गावाकडे धाकट्या भावाला हे कळलं, तर तो वेगळ्याच कारणाने रागावला. दोघांनाही फोनवर पुरतं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं आता तिकडे आहेत, आणि बऱ्याच घरांची शेती अजून इकडे आहे. विषय दोन्हीकडचा आहे.

आमचं गाव दापोरा, जिल्हा बुऱ्हाणपूर. पत्ता मध्य प्रदेशाचा, घरात मराठी, शेतात केळी. या मुलखाला शिकार नवी नाही. बुऱ्हाणपुरात तापीच्या पलीकडे, जैनाबादला, मोगलांचा आहुखाना आहे. फारसीत आहू म्हणजे हरीण. बादशाही घराण्यासाठी राखलेलं ते शिकारीचं रान. १६३१ मध्ये मुमताजमहल बुऱ्हाणपुरात वारली, तेव्हा ताजमहालाच्या आधी तिला इथेच तात्पुरतं पुरलं होतं. लोक ते पाहायला येतात, हरणांची आठवण कोणी काढत नाही.

आमच्या वडिलांची, म्हणजे दादांची बंदूक ठासणीची होती. पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. लांब नळी, उचलली की हात भरून यायचा. दारू भरा, गजाने ठासा, टोपी लावा, तोवर जनावर दुसऱ्याच्या शेतात. दादा ती बहुतेक आवाजापुरतीच वाजवत. निवडणूक आली की ठाण्यात जमा, निकाल लागला की परत. दादा गेल्यावर ती कायमची जमा केली.

माझी गोष्ट या बंदुकीची नाही. ती मामांच्या बंदुकीची आहे, आणि ती मी घरात आजवर कुणाला नीट सांगितली नव्हती.

१९७० चा हिवाळा. मी बी. कॉम.ला होतो. वन्यजीव संरक्षण कायदा यायचा होता, वनखात्याचा परवाना काढून शिकार चालत असे. मामांकडे एकनळी बारा बोअर होती. अगदी हलकी. मामा म्हणाले, "पोराला ही झेपेल." परवाना त्यांचा, बंदूक त्यांची, आणि चाप ओढणार मी. तेव्हा हे कुणी विचारत नसे, पण चूक ती चूकच.

सकाळी एक काडतूस झाडून पाहिलं. खांद्यावर कुणीतरी पाटा हाणल्यासारखं झालं. संध्याकाळी नाल्याकाठी चितळ आलं. पन्नासेक पावलांवर. बंदुकीत एल.जी.चं काडतूस, म्हणजे मोठे छर्रे. तेवढ्या अंतरावर ते पसरतात. मी नेम धरला, आणि चाप ओढायच्या क्षणी सकाळचा धक्का आठवून माझे डोळे मिटले. नळी हलली. छर्रे मागच्या पायात आणि पोटात गेले. चितळ पडलं नाही, तीन पायांवर पळालं.

अंधार पडेपर्यंत रक्ताच्या थेंबांमागे फिरलो. सापडलं नाही. घरी आलो तर दादांनी एवढंच विचारलं, "सापडलं?" मी नाही म्हटलं. "मग उद्या पुन्हा जा." दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्या दिवशी आभाळात गिधाडं फिरताना दिसली, तेव्हा जागा कळली. त्या काळी गिधाडं होती. जवळ जाऊन पाहिलं. त्या जनावराने किती वेळ काढला असेल, याचा हिशेब मी पुढे अनेक वर्षं करत राहिलो. बंदूक पुन्हा हातात घेतली नाही.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येतो. दुकानदाराने त्याला अडीच किलोच्या आतली, .३०० मॅग्नम काडतुसाची रायफल दाखवली होती. "आजोबा, हलकी पण आहे आणि पॉवरफुल पण." मी म्हटलं, "बाळा, माझ्या मामाने मला हेच दिलं होतं."

हे समजायला विज्ञानशाखा लागत नाही. बँकेच्या खातेवहीसारखंच आहे. गोळीला पुढे जेवढा जोर जमा होतो, तेवढाच बंदुकीच्या नावे मागे पडतो. तेच काडतूस चार किलोच्या बंदुकीऐवजी अडीच किलोच्या बंदुकीतून झाडलं, तर धक्क्याची ताकद दीडपटीहून जास्त होते. खांद्यावरून उतरवलेलं वजन त्याच खांद्यावर धक्का होऊन परत येतं. दुखण्याचंही एक वेळ सोडा. एकदा धक्का बसला की शरीर पुढच्या वेळी आधीच दचकतं, आणि नेम त्या दचकण्याने जातो. भोगतं मात्र जनावर.

नोकरीत असताना आमच्या शाखेचे पहारेकरी निवृत्त हवालदार होते. तीच बँकेची बारा बोअर खांद्याला. एकदा त्यांना ही गोष्ट अर्धीमुर्धी सांगितली. ते म्हणाले, "साहेब, बंदूक हलकी हवी असेल तर काडतूस आधी हलकं करायचं. आणि दस्ता अंगाला बसतो का ते पाहायचं." मी नातवाला तेच सांगितलं, फक्त आकडे आजचे घातले.

एक, काडतूस आधी ठरव, रायफल नंतर. तिकडचं पांढऱ्या शेपटीचं हरीण आपल्या चितळाएवढंच. मोठा नर ऐंशी-नव्वद किलोचा. त्याला .२४३ विंचेस्टर किंवा ७ एमएम-०८ पुरतं. सारख्या वजनाच्या रायफलीत .२४३ चा धक्का .३०-०६ च्या निम्म्याहून कमी असतो. मॅग्नम तर फारच पुढची गोष्ट. जिम कॉर्बेटकडे अवजड रायफली होत्या, पण त्याची लाडकी होती ती .२७५ रिग्बी. हलकी, आणि काडतूस बेताचं.

दोन, वजन भरलेल्या रायफलीचं धर. दुकानातली पाटी रिकाम्या रायफलीची असते. त्यावर दुर्बीण, पट्टा, गोळ्या धरल्या की अर्धा-पाऊण किलो सहज वाढतं. रिकामी पावणेतीन-तीन किलोची घे. दिवसभर फिरवता येते आणि नेम धरताना नळी पाण्यावरच्या काडीसारखी डोलत नाही.

तीन, नळी अठरा ते वीस इंच. झाडीत अडकत नाही. नळी आखूड झाली की गोळीचा वेग थोडा कमी होतो आणि आवाज जास्त बसतो. झाडीतलं अंतर शंभर-दीडशे यार्डांचं असतं, तिथे वेगाचं अडत नाही. कानाचं अडतं. कानाला झाकण लाव. माझे कान सत्तरीत गेले, तुझे तिशीत जायला नकोत.

चार, दस्त्याची लांबी. दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकव, बोट चापावर आरामात पोचलं पाहिजे. आणि हे जाड जॅकेट घालून बघ. दुकानात शर्टावर बसलेला दस्ता डिसेंबरच्या थंडीत लांब पडतो, खांद्यात नीट बसत नाही, आणि मग धक्का दुप्पट वाटतो. मागे जाड रबर असू दे.

पाच, आधी .२२ वर हात बसव. तिला धक्का जवळजवळ नसतो, वाईट सवय लागत नाही. मग तुझ्या रायफलीने, शंभर यार्डांवर, बशीएवढ्या कागदात पाचपैकी पाच लागेपर्यंत रानात जायचं नाही. चार लागले तर घरी.

सूनबाई, आता तुझ्यासाठी. तू म्हणालीस, "आपल्या घरात हे शोभतं का?" मला शिकारीची हौस नाही, हे तुला आता कळलंच असेल. पण तिकडची रीत मी समजून घेतली. पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला शिकारीचं शिक्षण घ्यावंच लागतं. हरणावर अर्ध-स्वयंचलित रायफल चालत नाही. डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कापड अंगावर लागतं. किती हरणं मारायची ते ठरलेलं, मारलं की चिठ्ठी लावायची आणि कळवायचं. मांस खायचं, नाहीतर गरजूंना द्यायचं. तिकडे रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे, आणि १९३७ च्या कायद्याने तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. हरणं एवढी की रस्त्यावर गाड्यांना धडकतात. अशा ठिकाणी नियमाने मारलेलं हरीण आणि मी १९७० मध्ये मारलेलं चितळ, ही एकाच खात्यात टाकता येत नाहीत.

तिकडे व्हिसावर असलेल्या मुलांच्या आईवडिलांना एक सांगतो. एच-वनसारख्या व्हिसावर असताना तिकडे बंदूक जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. मित्राने दिली म्हणून सहज हातात घेतली, असं करू नका. आधी कागद, मग बंदूक.

आता भावाचं. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही नातवाले रायफल सांगता, अन् आमच्या हाती काठीच ठेवता का?" बोल लागला. त्याचं नुकसान खरं आहे. डुकरं रात्रीतून केळीची नवी लागवड उकरून टाकतात, रोही हरभऱ्यात उतरतात. रोपाचा, खताचा, ठिबकचा पैसा आधी गेलेला असतो. त्याला आता ३१५ बोअरची रायफल हवी आहे. मित्रांचंही तेच म्हणणं, पीकसंरक्षणाचे परवाने मोकळे करा, रोही मारू द्या.

माझं मत सरळ आहे. बंदूक जागा पाहून ठरते, आणि दापोऱ्याची जागा बंदुकीची नाही. तिकडे बरेच जण झाडावर मचाण बांधून बसतात. गोळी वरून खाली जाते, चुकली तर मातीत. आपल्याकडे तापीकाठची सपाट जमीन. केळीच्या बागेत दहा हातांपलीकडचं दिसत नाही. रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. रात्रीची लाइट आली की मोटार चालू करायला कोण कुठे उभं असेल, सांगता येतं का? कापणीला आलेले मजूर बागेच्या कडेला झोपतात. रोह्याचा नर दोनशे किलोच्या वर, दचकलेल्या हाताच्या एका गोळीने पडत नाही. जखमी होऊन पाच शेतं तुडवतो आणि सहाव्यात तीन दिवसांनी मरतो. ते मी पाहिलं आहे, फक्त जनावर लहान होतं. शिवाय इकडे मोजणी नाही, प्रशिक्षण नाही, चिठ्ठी नाही. नुसती रायफल आणली आणि बाकीची सगळी व्यवस्था तिकडेच राहिली, तर उपयोग काय?

मग शेतकऱ्याने सोसायचं का? नाही. आपल्या राज्यात वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकहानीची भरपाई महसूल पुस्तक परिपत्रक ६(४) खाली मिळते. ती वेळेत आणि खऱ्या खर्चाच्या हिशेबाने मिळावी, यासाठी गावाने एक व्हावं. नुकसान दिसलं त्याच दिवशी फोटो, अर्ज, पोच. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, हे बँकेत चाळीस वर्षं शिकलो. कुंपणाला अनुदान मागावं, आणि ते एकेकाने नाही, सलग शिवाराला. आणि जनावरं हलवताही येतात. शाजापूर जिल्ह्यात २०२५ च्या ऑक्टोबरात हेलिकॉप्टरने हाकून, बोमा नावाच्या नरसाळ्यासारख्या कुंपणात घेऊन, आठशेच्या वर काळवीट आणि काही नीलगायी पकडून दुसरीकडे सोडल्या. एकही गोळी न झाडता. ते बुऱ्हाणपुरात का मागू नये? रायफलीच्या अर्जाला जेवढ्या फेऱ्या माराल, तेवढ्याच याला मारा.

भावाला हे पूर्ण पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, "भरपाई येईल तवा येईल, डुक्कर आज येते." याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. पण रात्री राखणीला मी त्याच्याबरोबर महिनाभर येईन, असं सांगितलं आहे. टॉर्च, फटाके आणि थर्मासमध्ये चहा. दादाही असेच बसत.

नातवाने मॅग्नम घेतली नाही. .२४३ घेतली, अठरा इंची नळीची. परवा कागदाचा फोटो पाठवला, पाचपैकी चार. मी काही लिहिलं नाही. तासाभराने त्याचाच निरोप आला, "आजोबा, माहीत आहे. अजून नाही."

काल सूनबाईचा फोन आला. रायफलीबद्दल काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "नाना, ते नारिंगी जॅकेट मीच आणलं त्याला. दोन आणली."

तुमच्या घरी होती का कुणाकडे परवान्याची बंदूक? तिचं पुढे काय झालं, आणि ती कशी झाडली गेली, जमलं तर खरं खरं लिहा.