मोटारीतील घड्याळ

गेल्या मे महिन्यात हुमनाबादच्या एका वृद्ध गृहस्थांना सोलापूरच्या इस्पितळात जाण्यासाठी कलबुर्गीच्या स्थानकावर पोचवावयाचे होते. मोटारीतील काट्यांच्या घड्याळावर विसंबून मी निवांत चाललो होतो. (भ्रमणध्वनी खिशात होता, पण मोटार हाकताना तो कोण पाहणार?) स्थानकावर पाऊल ठेवले, तो गाडी निघून गेलेली! आमचे घड्याळ तब्बल वीस मिनिटे मागे होते. "असू द्या फादर, पुन्हा जाऊ," असे म्हणून त्यांनीच माझे सांत्वन केले. डॉक्टरांची ठरलेली वेळ मात्र हुकली. पुढची आठ दिवसांनी मिळाली.

परतताना चोराचा माग लागला. खड्डा आला, की सेकंदकाटा थबके आणि पुढच्या हादऱ्यास पुन्हा चालू लागे. अजिबात बंद पडलेल्या घड्याळाने कोणी फसत नाही. हे लबाड मात्र चालताना दिसे.

अशा वेळी यंत्र बहुधा शाबूत असते. क्वार्ट्झ घड्याळ स्फटिकाची कंपने मोजून काटे हालविते. साध्या मनगटी घड्याळात ती सेकंदाला ३२,७६८ असतात. विद्युतप्रवाह तुटला, की मोजणीच थांबते. आमच्याकडील उन्हात डॅशबोर्ड दिवसा भाजतो, रात्री निवतो. त्यात रस्त्यांचे हादरे. त्यामुळे डाख दिलेला, म्हणजे सोल्डर केलेला, सांधा केसाएवढा तडकतो.

प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडविले. फ्यूज व तारांचे जोड तपासले; ते ठीक होते. मग घड्याळ बाहेर काढून मागचे झाकण उघडले. भिंगातून पाहता एका पिनेभोवती बारीक काळे कडे दिसले. तेथे नवा डाख दिला. कथिल व शिसे ६३ास ३७ या प्रमाणातला डाख १८३ अंशांस वितळतो; सळई त्याहून पुष्कळ तापलेली असते. ती दोन-तीन सेकंदांहून अधिक टेकविल्यास खालची तांब्याची पट्टी उखडते. एका जुन्या रेडिओत माझ्या हातून ती उखडली होती!

नव्या मोटारींत मात्र एअरबॅगच्या तारा जवळून जात असल्याने डॅशबोर्ड उघडण्यापूर्वी जाणत्यास विचारावे.

दुसऱ्या दिवशी बसवकल्याणपर्यंत हिंडून वेळ ताडून पाहिली. मिनिटाचाही फरक नव्हता. आठ दिवसांनी त्याच गृहस्थांना न्यावयास गेलो. मोटारीत बसताच त्यांनी आधी आपल्या खिशातील घड्याळ काढून माझ्या घड्याळाशेजारी धरले.