उद्या या

मी गोदीत पोती उचलतो. खाडा पडला की पैसे नाहीत, हे मला पाठ आहे. आजारपणाचे खाडे आईबरोबर मोजले.

आई अणदूरला. अंगात साखर, पायाची जखम हाडाकडं चाललेली. म्हणून पहाटेची एस.टी. धरून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. केसपेपरच्या खिडकीवर दोन तास, डॉक्टरसमोर दोन मिनिटं. रक्त द्यायला दुसरी इमारत. तिथं, "अकराला बंद. उद्या या." दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात पडला तर डॉक्टर उठून गेलेले. "उद्या या." तिसऱ्या दिवशी आईच म्हणाली, "मी न्हाई येत बाबा." महिन्यानं त्या पायाचा अंगठा कापला.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपर, उपचार फुकट झाले. झकास. पण तिची बुडालेली खुरपणी, माझे खाडे कुठल्या खिडकीत मागायचे?

दुसरं काय करणार, असं म्हणू नका दोस्तांनो. अणदूरच्याच हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायांना शिकवून 'भारतवैद्य' केलं. ज्यांना कचेरीत कुणी बसा म्हणत नाही, त्यांनी तापाजुलाबाचं औषध गावात आणलं. आणि मोठ्या दवाखान्याला रक्त, रिपोर्ट, डॉक्टर एका दिवसात जमत नाही? वशिल्याचा माणूस मागच्या दारानं अर्ध्या तासात मोकळा झालेला मी बघितलाय. साला, जमतं की!

पुढच्या तारखेला आईबरोबर वस्तीतली दहा पोरं येणार. अकराला खिडकी पडली की तिथंच बसणार.