एकसष्ट दिवसांचं अभयारण्य

मालवणात सागरी अभयारण्याचा विषय काढला की एक उत्तर हमखास ऐकू येतं: पावसात दोन महिने बंदी असतेच, मग आणखी कसलं अभयारण्य? हेच उत्तर जरा कोट-टाय घालून परिसंवादांतही येतं. समुद्राला दरवर्षी विश्रांती मिळाली की मासा पुन्हा भरतो, तेव्हा राखीव क्षेत्रातही हंगाम ठरवून मासेमारी खुली ठेवावी. संवर्धनही होईल, चूलही पेटेल.

यातलं खरं ते आधी मान्य करू. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी यांत्रिक नौकांना आहे. कायद्याच्या कितीतरी आधीपासून गाबीत आणि कोळी समाज या दिवसांत होड्या वर ओढून ठेवत आला आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा समुद्रात उतरत आला. (आता तारीख सरकारची आणि सण पंचांगाचा. २०२३ साली अधिक श्रावण होता, नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. तोवर बंदी उठून महिना लोटला होता.) बांगडा आणि तारली यांच्यासाठी ही विश्रांती मोलाची आहे. या माशांचं आयुष्य मोजक्या वर्षांचं, वाढ झपाट्याची, अंडी उदंड. पावसाळ्याच्या सुमाराला त्यांची वीण होते. तेवढे दिवस जाळं लांब राहिलं तर पुढचा हंगाम हाताला लागतो. इथवर माझं भांडण नाही.

भांडण पुढे आहे. बांगड्याचा नियम गोबऱ्याला लावला जातो, तिथे.

गोबरा हा खडपातला मासा. बांगड्यासारखा थव्याने फिरत नाही. एखादी कपार धरून वर्षानुवर्षं तिथेच राहतो. त्याच्या अनेक जाती सावकाश वाढतात आणि आधी मादी असतात. वय आणि आकार वाढल्यावर त्यांतल्या काही नर होतात. म्हणजे बाजाराला हवा असतो तो मोठा मासा काढत गेलं की नेमके नर कमी होतात. अशा माशाला ६१ दिवसांची सुट्टी देऊन काय साधतं? जुलैत वाचलेला गोबरा ऑक्टोबरात गळाला लागतो. त्याला जे हवं ते दोन महिन्यांत मिळत नाही. त्याला म्हातारं व्हायला मिळालं पाहिजे.

म्हातारपणाचं मोल किती, याचा एक हिशेब मत्स्यशास्त्रात फार प्रसिद्ध आहे. तांबोशीच्या कुळातली, अमेरिकेच्या किनाऱ्यावरची एक लाल जात घ्या. तिची ६१ सेंटिमीटरची साडेबारा किलोची एक मादी जेवढी अंडी घालते, तेवढी घालायला ४२ सेंटिमीटरच्या, प्रत्येकी सव्वा किलोच्याही आतल्या २१२ माद्या लागतात. वजनाच्या काट्यावर त्या २१२ माद्या दोनशे किलोंच्या वर जातात. म्हणून दरसाल दोन महिने सगळ्यांना थोडंथोडं वाचवणं आणि एका जागी काहींना कायमचं वाचवणं, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

हा नुसता तर्क नाही. आलटून-पालटून बंदी करण्याचा प्रयोग हवाईतल्या वायकिकी-डायमंड हेड किनाऱ्यावर झालेला आहे. तिथला एक पट्टा काही काळ बंद, काही काळ खुला, असा फिरता ठेवला होता. बंदीच्या काळात मासे वाढत. पट्टा खुला झाला की वाढलेले तर जातच, वर आणखी थोडे जात. १९७८ ते २००२ या काळात त्या पट्ट्यातल्या माशांचं एकूण वजन सुमारे दोन तृतीयांशाने घटलं. शेजारीच १९८८ पासून कायमचा बंद ठेवलेला तुकडा होता, त्याची स्थिती चांगली राहिली. तोच समुद्र, तेच शहर, तेच मासेमार. फरक फक्त कायमच्या बंदीचा.

यावर कोणी इंडोनेशियातल्या मालुकू बेटांवरच्या ‘सासी’चा दाखला देईल. तिथे गाव ठरवतं आणि शंखांची जागा बंद ठेवतं, ठरल्या दिवशी उघडतं, आणि व्यवस्था टिकते. दाखला चांगला आहे, पण त्यात बंदी लांब आणि उघडीप थोडी. आपल्याकडे दहा महिने दार सताड उघडं ठेवून दोन महिने कडी घालायची आणि त्याला सासी म्हणायचं, हे काही पटत नाही.

मग मालवणात करायचं काय? आकडे समोर ठेवून बोलू. १३ एप्रिल १९८७ ला घोषित झालेल्या या अभयारण्याचं क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यात गाभ्याचा भाग ३.१८२, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अंगाचा, उरलेला २५.९४ भोवतालचा. म्हणजे गाभा जेमतेम अकरा टक्के. माझं म्हणणं एवढंच, की हा अकरा टक्के तुकडा बारा महिने, सगळ्यांसाठी, सगळ्या जाळ्यांना आणि गळांना बंद असावा आणि उरलेल्या भागात हंगाम पाळून पारंपरिक मासेमारी हक्काने चालावी.

रापण त्या भागात का चालावी, हे मालवणच्या दांडी किनाऱ्यावर ती ओढताना पाहिलेल्याला सांगावं लागणार नाही. होडीतून जाळ्याचा फेर टाकायचा आणि दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं. ती वाळूच्या तळावर चालते. खडपावर टाकली तर फाटते. तिला मिळतो तो किनाऱ्याला येणारा थव्याचा मासा, ज्याला तीन चौरस किलोमीटरचा गाभा तसाही वाचवू शकत नाही. रापण गोबऱ्याचं घर मोडत नाही. रापण निर्दोष आहे असंही नव्हे. खोळ्याचा आस बारीक ठेवला की पोरगा मासाही वर येतो, आणि तिथे रापणकरांनीच हात आवरायला हवा.

हंगामाच्या भाषेत आणखी एक गोष्ट दडते: हंगाम कोणाचा? पर्ससीन म्हणजे थव्याला वेढून तळातून आवळायचं मोठं जाळं. त्याच्या अभ्यासासाठी नेमलेल्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनला आळा घातला आणि ती सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच ठेवली. पारंपरिक मच्छीमारांच्या लढ्याचं ते यश खरं. पण थव्याचा बांगडा किनाऱ्याकडे येतो तो याच महिन्यांच्या आसपास, रापणीची खरी कमाईही तेव्हाचीच. चार महिन्यांची मुभा कागदावर आखडती दिसते; पाण्यात तिने सायीवरच हात मारलेला असतो. अभयारण्याच्या हद्दीत पर्ससीन आणि ट्रॉलर यांना कुठलाच हंगाम नको, तो यासाठी.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींना थोडक्यात उत्तर पुरे. अभयारण्य म्हणजे मच्छीमार हाकलणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी वन्यजीव कायद्याची १९९१ ची दुरुस्ती वाचावी. सागरी हद्दीत अभयारण्य घोषित करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी तजवीज करावी, असं ती सांगते. मालवणचं अभयारण्य त्या आधी चार वर्षं घोषित झालं. गाबितांचा संशय तिथूनचा आहे आणि तो फुकाचा नाही. गळ टाकणारा हटला आणि त्याच जागी पर्यटकांच्या होडीचा नांगर प्रवाळावर पडला, तर वाचलं काय? गाभा बंद म्हणजे नांगरालाही बंद. स्नॉर्केलिंग करायचं तर होडी तरत्या बोयाला बांधावी.

राहिला पैशाचा प्रश्न. जाळ्यात अडकलेलं कासव किंवा दुसरा संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने २०१८ पासून राबवली आहे. फाटलेल्या जाळ्याची किंमत सरकारला मोजता येते. मग गाभ्याच्या तीन चौरस किलोमीटरवर जे रापणकर संघ जाळं टाकणार नाहीत आणि टाकूही देणार नाहीत, त्यांच्या राखणीचा मेहनताना ठरवून तो दर महिन्याला त्यांच्या खात्यात जमा करायला अडचण कोणती? जूनमध्येही, आणि उरलेल्या अकरा महिन्यांतही.