डॉक्टरकी हुकली म्हणून?

मुलीने बी.एस्सी.ला जीवरसायनशास्त्र घेतले म्हणून आमच्या रे रोडच्या चाळीत मी पेढे वाटले, तर शेजारचे नाना पेढा तोंडात टाकता टाकता म्हणाले, "अरेरे! नीटला मार्क कमी पडले वाटते?"

नाना, ती त्या परीक्षेला बसलीच नव्हती! पण एकट्या नानांना दोष का द्या? घरोघरी आपण हा विषय म्हणजे वैद्यकीच्या दारातले पायपुसणे करून ठेवला आहे.

नाना दर तीन महिन्यांनी रक्त तपासून घेतात. तो साखरेचा आकडा काय नाडी पाहून निघतो? तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढा काळ तिच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते. म्हणूनच आदल्या दिवशी जिलबी सोडून नानांची लबाडी पचत नाही! हे कोडे सोडवले ते जीवरसायनाने.

आणि कमलाबाई सोहोनी? दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत गेली, तेव्हा सर चंद्रशेखर रामन यांनी केवळ बाई म्हणून तिला नकार दिला. ती हटली नाही; अटी सोसून तिने दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केले. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी नीरेचा अभ्यास केला, तो कुपोषित आदिवासी मुलांच्या पोटासाठी. कमलाबाईंची कोणती डॉक्टरकी हुकली होती, सांगा पाहू! रे रोडला हार्बरची गाडी धरली की चौथे स्थानक बोरीबंदर. तिथून ती संस्था पायी गाठता येते. पण आपली नजर तिकडे जाईल तर ना.

"पण पगार?" सुरुवातीला बेताचाच, हे मी लपवत नाही. नुसत्या बी.एस्सी.वर भागत नाही. औषधांच्या कारखान्यात, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत किंवा अन्नतपासणीत बरी जागा हवी तर एम.एस्सी. करावी, संशोधनाला पीएच.डी. हवीच. मग एम.बी.बी.एस. झालेला पोरगा आणखी तीन वर्षे एम.डी.साठी घासतो, तेव्हा "पुढे काय?" असे त्याला का कोणी विचारत नाही?

काल नाना रिपोर्टचा कागद घेऊन दारात उभे. "पोरगी आहे का घरात?"

ती प्रॅक्टिकलला गेली होती. मी म्हटले, "बसा नाना, चकली घ्या. शंकरपाळे मात्र मिळायचे नाहीत."