फी किती ते नंतर, आधी विचारा: सांगितली कधी होती?

बॅलन्स ट्रान्सफरचा फोन नेमका महिनाअखेरीस येतो. पलीकडचा आवाज गोड असतो. ‘सर, दुसऱ्या बँकेच्या कार्डावर तुमचं जे देणं आहे ते आमच्या कार्डावर घ्या. व्याज निम्म्यावर येईल, हप्तेही पाडून देतो.’ खारघर असो, कामोठे असो की जुने पनवेल, घराचा हप्ता भरून दमलेल्या माणसाला हे ऐकून बरे वाटते. तो हो म्हणतो, ओटीपी टाकतो आणि विसरून जातो. पुढच्या बिलात हप्त्याखाली दोन-तीन ओळी जास्तीच्या दिसतात. प्रोसेसिंग फी, तिच्यावर जीएसटी, व्याजावर पुन्हा जीएसटी. मग कस्टमर केअरला फोन, तिथले न संपणारे संगीत, थोडी आरडाओरड, आणि शेवटी ‘जाऊ दे, हजार-दोन हजारांसाठी कोण डोकं फोडून घेणार!’

हे आवाहन त्या ‘जाऊ दे’ म्हणणाऱ्यांना आहे.

भांडायला उठण्याआधी वही घेऊन बसा, कारण कधी कधी बँकेचा आकडा बरोबरही असतो. समजा, तुम्ही 80,000 रुपये एका कार्डावरून दुसऱ्यावर नेले आणि फी 2 टक्के ठरली. म्हणजे 1,600 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 288 रुपये. एकूण 1,888. आता हप्त्याचे व्याज महिना दीड टक्का धरले तर पहिल्या महिन्याचे व्याज 1,200 रुपये होते आणि त्यावरही 216 रुपये जीएसटी लागतो. गृहकर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, क्रेडिट कार्डाच्या व्याजावर असतो; अनेकांना बिल बघूनच हे कळते. जुन्या कार्डावर महिना साडेतीन टक्क्यांनी हेच व्याज 2,800 रुपये झाले असते, अधिक जीएसटी. म्हणजे फी देऊनही सौदा फायद्याचा असू शकतो. फायदा झाला म्हणून न सांगितलेली फी माफ होत नाही, एवढेच.

जुन्या कार्डाचे शेवटचे बिलही तपासा. बिल निघाल्याच्या तारखेपासून पैसे प्रत्यक्ष जमा होईपर्यंतचे व्याज पुढच्या बिलात येते. लोकांना वाटते, खाते निल झाले. ते शे-दोनशे रुपये तसेच राहतात, त्यावर लेट फी चढते आणि सिबिलवर डाग पडतो. ही फसवणूक नव्हे, पण ‘पूर्ण रक्कम भरली’ असे सांगणाऱ्याने हेही सांगायला हवे होते. नव्या कार्डावरही एक गोम असते. कार्डावर थकीत रक्कम पुढे ओढली जात असेल, तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. त्यामुळे ट्रान्सफर घेतलेल्या कार्डावर किराणा आणि पेट्रोल चालू ठेवण्याआधी बँकेला विचारा की हप्त्यांची रक्कम अशा थकीत रकमेत धरली जाते का. उत्तर ईमेलवर घ्या.

आता वादाचे. बहुतेक जण चुकीच्या टोकाला धरून ओढतात. ‘एवढी फी? ही लूट आहे,’ असे म्हणतात. माणूस म्हणून राग बरोबर आहे, पण तक्रार म्हणून हा मुद्दा लंगडा पडतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जुलै 2008 मध्ये निकाल दिला होता की क्रेडिट कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. प्रकरण सोळा वर्षे चालले आणि 20 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे आणि दोन्ही बाजूंनी मान्य केलेला करार आयोगाला नव्याने लिहिता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. मला हा निकाल कार्डधारकांसाठी दुर्दैवी वाटतो. पण त्यातूनच आपला मुद्दा सापडतो. सगळी भिस्त जर ‘ग्राहकाने मान्य केले होते’ यावर असेल, तर बँकेला पहिला प्रश्न तोच टाकायचा: मी मान्य केले होते हे दाखवा.

आणि ते दाखवणे बँकेला भाग आहे. रिझर्व्ह बँकेने 21 एप्रिल 2022 रोजी क्रेडिट कार्डांबाबत सविस्तर निर्देश काढले, ते 1 जुलै 2022 पासून लागू झाले. त्यांत स्पष्ट लिहिले की कार्ड देताना जो आकार ग्राहकाला सांगितला नाही आणि ज्याला त्याची उघड संमती घेतली नाही, तो लावायचा नाही. आकार बदलायचा असेल तर तो पुढच्या काळासाठीच, आणि किमान एक महिना आधी कळवून. ग्राहकाला विचारल्याशिवाय कार्डावर कर्ज किंवा दुसरी उधारीची सोय गळ्यात बांधायची नाही. खरेदीचे हप्ते पाडताना मुद्दल किती आणि व्याज किती हे आधी दाखवायचे, बिलातही वेगळे छापायचे, आणि व्याज घेऊन वर ‘नो कॉस्ट’ म्हणायचे नाही. बिलाबद्दल हरकत आली, तर जास्तीत जास्त 30 दिवसांत स्पष्टीकरण आणि लागेल तर कागदोपत्री पुरावा द्यायचा. ही शेवटची ओळ पाठ करून ठेवावी अशी आहे.

तेव्हा फोनवर वाद घालू नका. फोन फक्त तक्रार क्रमांक मिळवण्यापुरता करा. त्यानंतर बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल, किंवा कार्ड ज्या बँकेचे आहे तिच्या पनवेलच्या शाखेत साधे पत्र. शाखेत ‘कार्डाचं इथे काही होत नाही’ असे सांगतील. सांगू द्या. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. मजकूर लांबलचक नको. असा चालेल: ‘माझ्या कार्डाच्या अमुक तारखेच्या बिलात बॅलन्स ट्रान्सफर फी म्हणून अमुक रुपये व त्यावरील जीएसटी लावला आहे. हा व्यवहार घेताना ही फी मला सांगितली नव्हती. मी तिला संमती दिल्याचा पुरावा, म्हणजे फोनचे ध्वनिमुद्रण, पाठवलेला संदेश किंवा ॲपवरील मंजुरीची नोंद, 30 दिवसांत द्यावा. अन्यथा फी, तिच्यावरील जीएसटी आणि या रकमेवर लागलेले व्याज परत करावे.’ तीनही गोष्टी मागा. नुसती फी परत करून जीएसटी तसाच ठेवला, तर तक्रार मिटली असे समजू नका.

सोबत जोडायला काय काय आहे ते बघा: ऑफरचा एसएमएस, ॲपवरच्या पानाचा स्क्रीनशॉट, फोन आल्याची तारीख आणि वेळ. ऑफरच्या एसएमएसमध्येच बारीक अक्षरात ‘फी 2 टक्के’ असे असेल, तर प्रामाणिकपणे सांगतो, तुमची बाजू कमजोर आहे. विनंती करा, जुने ग्राहक असाल तर सौजन्य म्हणून काही वेळा फी माघारी घेतात; पण हक्काच्या भाषेत बोलू नका. एसएमएसमध्ये 1 टक्का आणि बिलात 2 टक्के असतील, तर मात्र एक पाऊलही मागे हटू नका.

आणि वाद चालू असताना बिल थांबवू नका! ही चूक फार होते. ‘निकाल लागेपर्यंत एक पैसा देणार नाही’ असे म्हणणारा हजार रुपयांसाठी सिबिल घालवून बसतो आणि पुढे घरकर्जाच्या वेळी कपाळाला हात लावतो. वादाची रक्कम लहान असेल तर सगळे बिल मुदतीत भरा आणि ईमेलमध्ये एक ओळ लिहा: ‘हरकत कायम ठेवून भरणा करत आहे.’ रक्कम मोठी असेल तर वाद नसलेला भाग तरी वेळेवर भराच. मिनिमम ड्यू हा तोडगा नव्हे. उरलेल्या रकमेवर पूर्ण दराने व्याज चढत राहते.

एक सावधगिरी. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, तो कार्डाच्या मागे छापलेला असतो. समाजमाध्यमांवर तक्रार टाकली की ‘फी रिव्हर्स करून देतो, ओटीपी सांगा’ म्हणणारे भामटे टपलेलेच असतात. फी परत करायला बँकेला तुमचा ओटीपी लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. 12 नोव्हेंबर 2021 पासून देशभरासाठी एकच एकात्मिक लोकपाल योजना आहे. फी नाही, वकील लागत नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर करता येते. संगणक जमत नसेल तर ठरलेल्या नमुन्यात मराठीत लिहून चंदीगडच्या केंद्राला टपालाने पाठवली तरी चालते. माहितीसाठी 14448 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मुख्य अट अशी की आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी. म्हणून त्या पोचेचा एवढा आग्रह. बहुतेक मोठ्या बँकांत अंतर्गत लोकपालही असतो. ग्राहकाला त्याच्याकडे थेट जाता येत नाही, पण तक्रार फेटाळण्याआधी बँकेने ती त्याच्यापुढे ठेवायची असते. नकार आला तर ‘हे अंतर्गत लोकपालांनी पाहिले आहे का?’ एवढे विचारून बघा.

त्यापुढची पायरी ग्राहक आयोग. पनवेल रायगड जिल्ह्यात येते, त्यामुळे आपला जिल्हा आयोग अलिबागला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या ठिकाणी दाद मागता येते. बँकेचे मुख्यालय मुंबईत की चेन्नईत, याच्याशी देणेघेणे नाही. व्यवहार पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही. मात्र दोन हजारांसाठी तिथवर जाणे मी सुचवणार नाही. लोकपालाकडे बहुतेक काम भागते. आधी चौकशी करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि 1975 पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायतही आहे.

पनवेलकरांना बँकेच्या कागदांचे मोल वेगळे सांगायला नको. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये रद्द केला, तेव्हा ठेव विम्याचा दावा करायला लोकांनी पासबुके आणि पावत्या शोधून काढल्या. ते संकट मोठे होते, म्हणून माणसे एकत्र आली, बोलली, लिहिली. कार्डावरची फी एकट्याच्या बिलात एकटी येते, त्यामुळे तिच्याबद्दल कोणी ओरडत नाही.

तेव्हा मंडळी, गेल्या सहा महिन्यांची कार्डाची बिले आज रात्री उघडा. खरेदीच्या ओळी सोडा, फी, व्याज आणि जीएसटी या तीनच ओळी बघा. जी ओळ तुम्हाला कोणी समजावून सांगितली नव्हती, तिच्याबद्दल वरचे पत्र लिहा, तारीख घाला आणि उद्याच पाठवा.