पालकांना गेटबाहेर काढून मुलं सुरक्षित होत नाहीत



गेल्या सोमवारपासून आपल्या भागातल्या शाळेच्या गेटवर एक फ्लेक्स लागलाय. "शाळा सुटल्यावर १० मिनिटांत पालकांनी आवार रिकामे करावे. शाळा भरण्यापूर्वी आवारात थांबू नये." शाळेचं नाव लिहीत नाही. ज्यांची मुलं तिथं आहेत त्यांना ते कळलंच असेल. आणि ज्यांची नाहीत त्यांच्याही शाळेत थोड्याफार फरकाने हेच चालू आहे.

फ्लेक्सवरून व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, "बरं झालं, शाळेचा बाजार झाला होता." दुसरा म्हणतो, "आम्ही काय चोर आहोत का?" दोन्ही बाजूंचं ऐकून आणि चार दिवस गेटसमोर उभं राहून माझं जे मत झालं, ते सविस्तर लिहितोय. लांब आहे, पण वाचा.

आधी हे बघू की लोक तिथं थांबतात कशाला. हौसेनं उन्हात कोणी उभं राहत नाही.

आपली शाळा दोन सत्रांत भरते. पाचवी ते दहावी सकाळी, पहिली ते चौथी दुपारी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने जीआर काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आत भरवू नयेत. लहान मुलांची झोप पूर्ण व्हावी हा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण इमारत एकच असली की लहानांचं सत्र दुपारीच जाणार. आता ज्या घरात एक पोर सहावीत आणि एक दुसरीत, त्या घरचा हिशोब करा. मोठा १२:२० ला सुटतो, धाकटीची शाळा १२:४० ला भरते. आई धाकटीला घेऊन बाराला निघते, मोठ्याला ताब्यात घेते, धाकटीला आत सोडते. मधली २० मिनिटं तिने जायचं कुठं? घरी जाऊन परत यायला तेवढा वेळ नाही.

संध्याकाळी साडेपाचला उलटा प्रकार. धुणीभांडी करणाऱ्या बायकांचं शेवटचं घर सहाला आटोपतं. दुकानात कामाला असलेल्यांना सहाच्या आधी सोडत नाहीत. मग पोर शाळेत थांबतं, किंवा शेजारची आजी येऊन त्याच्याबरोबर थांबते. आणि तिसरी गोष्ट आपण कोणी मोठ्याने बोलत नाही. आपल्या वॉर्डात मुलांना पळायला दुसरी मोकळी जागाच उरलेली नाही. बागेचं आरक्षण नकाशावर आहे, प्रत्यक्षात तिथं गाड्या लागतात. म्हणून शाळेतली घसरगुंडी हीच पोरांची बाग. शाळा सुटली की अर्धा तास तिथं खेळायचं आणि मग घरी, ही गरज आहे. तिला बेशिस्त म्हणणं मला पटत नाही.

आता शाळेची बाजू. मुख्याध्यापक बाईंशी मी बोललो. त्यांचं म्हणणं एकदम खोडून काढण्यासारखं मुळीच नाही.

त्या म्हणाल्या, "अहो, पालक पायऱ्या चढून थेट वर्गात येतात. एकीकडे पोरं रांगेत सोडायची, आणि त्याच वेळी तिघं जण वही दाखवून विचारतात, याला दोन मार्क कमी का?" कोणी मुलांचं स्वच्छतागृह वापरतं. कोणी मोबाइलवर मुलांचे व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतं, त्यात दुसऱ्यांच्या मुली असतात. मागच्या महिन्यात एका वडिलांनी आपल्या मुलाला ढकललं म्हणून दुसऱ्याच्या मुलाची कॉलर धरली. घसरगुंडीवरून पडून एकाचा ओठ फुटला, तेव्हा पोराची आई दहा पावलांवर गप्पा मारत होती आणि ओरडा मात्र बाईंना खावा लागला. शिपाई दोनच आहेत. शिक्षणहक्क कायद्यात शिक्षकांना आठवड्याला ४५ तास धरलेत, त्यात शिकवणं आणि त्याची तयारी. गेटवर पहारा देणं त्यात कुठं बसतं?

हे सगळं खरं आहे. चार दिवसांत यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा "आम्ही पालक आहोत, आम्हाला कोण अडवणार" ही भाषा आपण सोडलेली बरी.

पण मग उपाय म्हणून गेटला कुलूप? इथं माझा विरोध आहे, आणि तो सुरक्षिततेच्या मुद्द्यावरच आहे.

फ्लेक्स कशामुळे लागला असं विचारलं की उत्तर येतं, "बदलापूरनंतर सगळं कडक झालंय." ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, लोक रेल्वे रुळांवर उतरले, ते आपण विसरलेलो नाही. पण त्या प्रकरणातला आरोपी कोण होता? गेटवर रेंगाळणारा कोणी पालक नव्हता. शाळेतच सफाईच्या कामाला असलेला माणूस होता. म्हणूनच त्यानंतर सरकारने ज्या गोष्टींवर जोर दिला, त्यात कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती हे सगळं होतं. म्हणजे आत काय चाललंय यावर नजर हवी, हा त्याचा अर्थ. आपण त्यातून काय शिकलो? तर ज्या आया-आज्यांची नजर त्या आवारावर रोज फुकटात असते, त्यांनाच बाहेर काढायचं.

आणि बाहेर म्हणजे कुठं, तेही बघा. गेटसमोर फूटपाथ नाही. रिक्षा, व्हॅन, टँकर, दुचाक्या सगळं त्याच वीस फुटांत. सोमवारपासून ती गर्दी आवारातून उठून रस्त्यावर आली आहे. बुधवारी संध्याकाळी पावणेसहाला दुसरीतली एक मुलगी कुलूप लावलेल्या गेटच्या बाहेर, दप्तर पोटाशी धरून एकटी उभी होती. तिची आई सहाला पाच कमी असताना धावत आली. दहा मिनिटं ती मुलगी कोणाच्या जबाबदारीवर होती? शाळा म्हणणार, आमची वेळ संपली. आई म्हणणार, मी कामावर होते. आवार रिकामं झालं, नियम पाळला गेला, आणि सात वर्षांचं पोर रस्त्यावर. याला मी सुरक्षितता म्हणू शकत नाही.

तेव्हा पालकांनी थांबायचं की नाही यावर भांडण्यापेक्षा, कुठं थांबायचं, किती वेळ आणि कोणाच्या जबाबदारीवर, हे ठरवू या. माझे मुद्दे असे:

१. वेळ ठरवा. शाळा भरण्याआधी अर्धा तास आणि संध्याकाळी सुटल्यावर पाऊण तास आवार पालकांसाठी उघडं. सव्वासहाला घंटा, त्यानंतर कुलूप. "जागा दिली की तिचा अड्डा होतो" हे बरोबर आहे. रात्रीच्या बाटल्या सकाळी शिपाईमामा उचलतात ते आपण पाहतो. म्हणून सव्वासहा म्हणजे सव्वासहा, तिथं कोणाची ओळख चालू नये.

२. जागा ठरवा. स्टेजच्या बाजूचा कडुलिंबाखालचा पट्टा आणि घसरगुंडीचा कोपरा, एवढंच. इमारतीच्या पायरीला पालकाचा पाय लागणार नाही. दोन बाकं आणि एक पत्र्याची शेड टाकली तर उन्हापावसाचा प्रश्न सुटतो. दरवर्षी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर जेवढा खर्च होतो त्यातून हे आरामात होईल, असं आपल्या पुढाऱ्यांना सांगावंसं वाटतं.

३. माणूस ठरवा. रोज दोन पालक पाळीने, गळ्यात ओळखपत्र, हातात नोंदवही. आत कोण आलं, कोणाचं मूल कोणी नेलं, हे त्यात असावं. मूल पालकाच्या ताब्यात दिलं की पुढची जबाबदारी पालकाची, घसरगुंडीवरसुद्धा. हे लेखी द्या, म्हणजे बाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

४. ज्यांना न्यायला कोणी आलेलं नाही, ती मुलं व्हरांड्यात एकत्र बसतील, पाळीच्या पालकांच्या नजरेसमोर. घरी फोन जाईल. वारंवार उशीर होत असेल तर त्या आईशी बसून बोला, शेजारपाजारचं कोणी नेऊ शकतं का ते बघा. दंड लावू नका. जिला रोजच्या कामाचे पैसे कापले जायची भीती आहे, ती दंडाने लवकर येणार नाही. ती मुलीला शाळेतून काढेल.

५. शिक्षकांना भेटायचं तर आठवड्यातला एक दिवस, आधी चिठ्ठी देऊन. शाळा सुटताना मार्कांची चर्चा बंद. दुसऱ्याच्या मुलाला रागावणं बंद. आवारात व्हिडिओ काढणं बंद. जो हे मोडेल त्याला महिनाभर गेटबाहेर थांबायला सांगा, मी शाळेच्या बाजूने उभा राहीन.

६. गाड्यांचं वेगळं बघा. स्कूल बसच्या २०११ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. तिला बसवा, वाहतूक पोलिसांना बोलवा आणि गेटपासून ५० पावलांच्या आत दुचाकी थांबू देऊ नका.

"हे सगळं करणार कोण?" असं विचाराल. त्यासाठी नवीन काही काढायला नको. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं हे तिचं कामच आहे. आपल्या शाळेतही ती समिती आहे. मी पाच पालकांना विचारलं, "समितीवर कोण आहे?" एकालाही नाव सांगता आलं नाही. त्यातल्या एक ताई तर स्वतःच सदस्य निघाल्या. सही घेतली होती म्हणे, कशावर ते आठवत नव्हतं!

म्हणजे गेटबद्दलचा निर्णय ज्या टेबलावर व्हायला हवा, त्या टेबलाभोवती बहुतेक खुर्च्या आपल्याच आहेत आणि आपण गेटबाहेर उभं राहून चिडतोय. शाळेनेही समितीसमोर न आणता थेट फ्लेक्स लावला, हे बरोबर नाही. हा विषय आधी समितीत यायला हवा होता.

येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता समितीची बैठक आहे, असं बाईंनी स्वतः सांगितलंय. वरचे सहा मुद्दे एका कागदावर लिहून, पालकांच्या सह्या घेऊन आम्ही काही जण ते तिथं देणार आहोत. कोणत्या मुद्द्यात बदल हवा ते खाली लिहा. वेळ सोयीची नसेल तर तेही लिहा. संध्याकाळच्या पाळीसाठी निदान दहा नावं लागतील. आजी-आजोबांचीही चालतील, किंबहुना त्यांचीच जास्त चालतील.

आणि एक विनंती. शनिवारी बाईंवर आवाज चढवायला कोणी येऊ नका. त्यांनी मला अर्धा तास दिला, सगळं मोकळेपणाने सांगितलं. फ्लेक्स उतरवायचा असेल तर त्यांच्या हातात दुसरी व्यवस्था द्यावी लागेल, आणि ती चालवायला रोज दोन माणसं लागतील. पहिल्या आठवड्यात सोमवारची पाळी माझी धरा.