मालिकांतल्या बायका आणि मोहन पार्कमधल्या आया

दिवसभर रोवण्याच्या चिखलात कंबर वाकवून आलेली आमच्या प्रतापगडातली बाई संध्याकाळी भाताचे गंज चुलीवर ठेवते आणि टीव्हीपुढे बसते. मालिका सुरू असते. पडद्यावरची बाई जरीचे पातळ नेसून, दागिने घालून सोफ्यावर रडत असते. पाहणारी बाई तिच्यासाठी हळहळते. मात्र तिच्यासाठी हळहळणारी एकही बाई त्या पडद्यावर नसते.

मराठी मालिकांत स्त्रियांना न्याय मिळत नाही असे म्हटले की लगेच उत्तर येते, "अहो, तिथे तर बायकांचेच राज्य आहे!" मोजले तर ते खरेही आहे. २०१३ साली सुरू झालेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये एका सुनेला सहा सासवा होत्या. २००१ साली सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ तर दहा वर्षांहून अधिक काळ चालली. तेव्हा प्रश्न संख्येचा नाही. त्या बायकांना काम कोणते दिले आहे, हा आहे. नवरा टिकवणे, घर सांभाळणे, कुणाच्या तरी कारस्थानाला तोंड देणे! घराच्या उंबरठ्याबाहेर तिचे जग नाही, आणि असले तरी कथा तिला परत उंबरठ्यावर आणून उभी करते. मनूने बाईला बाप, नवरा आणि मुलगा यांच्या ताब्यात दिले. मालिकेने त्यात सासूची भर घातली, एवढेच! पात्रे निम्मी बायकांची असली म्हणून याला समता म्हणायचे काय?

एक उदाहरण पाहू. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका २०१६ ते २०२१ अशी साडेचार वर्षे चालली. तिची नायिका राधिका आपल्याच नागपूरची, बोलीही आपल्याकडची. म्हणून आमच्या भागातल्या बायांना ती जवळची वाटली. पुढे ती स्वतःचा मसाल्याचा धंदा उभा करते, हेही मान्य केले पाहिजे. पण साडेचार वर्षे कथा फिरली कशाभोवती? नवऱ्याने ठेवलेल्या दुसऱ्या बाईभोवती!

आता त्याच नागपूरची दुसरी गोष्ट ऐका. २० जुलै १९४२. मोहन पार्क. अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे. समोर सुमारे २५ हजार स्त्रिया बसल्याची नोंद आहे. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी या बायांनाच सांगितले. त्यांनी ठराव कोणते केले? बाईला घटस्फोटाचा कायदेशीर हक्क हवा. एका पुरुषाने अनेक बायका करण्याला बंदी हवी. गिरणीत राबणाऱ्या बायांना हक्काची रजा हवी. हिंदू विवाह कायदा आला १९५५ साली. त्याआधी तेरा वर्षे आमच्या आयांनी ही मागणी ठरावात घातली होती! नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोचा प्रश्न त्यांनी एका ठरावात निकाली काढला. मालिकेला त्याच प्रश्नाला साडेचार वर्षे पुरली नाहीत.

कुणी म्हणेल, आता आपल्या महापुरुषांवरही मालिका आल्या. आल्या, आणि त्याचे स्वागतच आहे. मे २०१९ मध्ये ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ सुरू झाली, तेव्हा घराघरांत ती आदराने पाहिली गेली. पण स्वतःला विचारा, त्या मालिकेतल्या कोणत्या स्त्रिया आपल्या लक्षात राहिल्या? भीमाबाई, मीराआत्या, रमाई. आई, आत्या, पत्नी. रमाईचा त्याग शब्दांत मावणार नाही. पण आमची बाई फक्त त्याग करण्यासाठी जन्मली काय? तिने परिषदा भरवल्या, शाळा काढल्या. डोक्यावर ओझी वाहणाऱ्या जाईबाई चौधरींनी १९२२ साली नागपुरात मुलींची शाळा काढली. एका मालिकेला पुरेल एवढी ही कथा नाही काय?

आणि सावित्रीमाईची गत पाहा. जानेवारी २०२० मध्ये ‘सावित्रीजोती’ सुरू झाली आणि टीआरपी नाही म्हणून डिसेंबरमध्ये बंद पडली. सासू-सुनेला दशक, पहिल्या शिक्षिकेला वर्षही नाही! दोष केवळ वाहिन्यांना देऊन आपली सुटका होत नाही. आपल्या घरातले रिमोट तेव्हा कोणत्या वाहिनीवर होते?

म्हणून थोडे आपल्याकडेही पाहू. आमच्या झाडीपट्टीत दंडारीत पुरुषच लुगडे नेसून बाईचे सोंग घेत. आज नाटकांत बाया स्वतः काम करतात, हा मोठा बदल आहे. पण जयंतीच्या मंचाचे काय? पांढऱ्या पातळातल्या बाया मैदानात ओळीने बसतात. वंदना त्या म्हणतात, भोजनदानाची भांडी त्या घासतात, आणि मंचावरच्या खुर्च्या मात्र पुरुषांच्या. वाहिनीवाल्याला विषमतेचा जाब विचारणाऱ्याने आधी आपल्या मंचावरच्या खुर्च्या मोजाव्यात.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली दिले. कथा नाही म्हणून मालिका होत नाही, ही सबब तेव्हाच संपली.

आपल्या भागातले काम मात्र अजून बाकी आहे. गोंदिया जिल्हा १९९९ साली झाला. त्याआधी आपण भंडाऱ्यात होतो. त्याच भंडाऱ्यातून १९५४ साली बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. तेव्हा आपल्या गावातून कोणत्या बाया प्रचाराला निघाल्या? कोणी भाकरी बांधून दिल्या? पराभवाच्या बातमीने कोणत्या घरची चूल पेटली नाही? हे सांगू शकणाऱ्या आज्या आज नव्वदीच्या पुढे आहेत. त्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या असतील. त्या गेल्या की ती पात्रे कायमची पुसली जातील. मग कोणत्या वाहिनीकडे मागणार?

आमच्या शिकलेल्या मुलींनी मोबाईल घेऊन या आज्यांपुढे बसावे, त्यांचे बोलणे जपून ठेवावे आणि त्यावर एकांकिका लिहाव्यात. येत्या २० जुलैला प्रत्येक विहारात त्या सादर व्हाव्यात, आणि त्या दिवशी मंचावर अध्यक्षस्थानी बाईच असावी. सुलोचनाबाईंच्या परिषदेत होती तशीच.

जयभीम!